कपलरची पिन दाबायला पक्कड चालते का?

प्रश्न : उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे, जीप, पिकअप, ट्रॅक्टरच्या वायरिंगची कामं येतात. हेडलाइटच्या कपलरची (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटची) पिन जळाली की नवीन पिन पक्कडीनं दाबून वर कथलाचा डाग देतो, तरी त्याच गाड्या परत येतात, लाइट मंद नाहीतर वायर पिनेपाशीच तुटलेली. पिन वायरवर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल घेऊ का?

उत्तर : घ्याच, आणि डाग देणं बंद करा. पिनेला मागं पंखांच्या दोन जोड्या असतात बघा, एक उघड्या तांब्यावर बसायला आणि एक वायरच्या प्लास्टिकवर. पक्कडीनं ते पंख नुसते चेपतात, आत पोकळी राहते. टूलचा बरोबर मापाचा जबडा त्यांची टोकं वळवून तांब्याच्या तारांत रुतवतो आणि तारा इतक्या आवळल्या जातात की पाणी शिरायला जागाच राहत नाही. पोकळी राहिली की आपल्याकडच्या पावसात तांबं हिरवं पडणार, रोध वाढणार. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो, सांध्यात नुसता 0.2 ओहम रोध आला तरी 1 व्होल्ट तिथंच गेला, म्हणजे 5 वॅटची उष्णता त्या एवढ्याशा पिनेत, मग कपलर वितळतोच.

डाग दिला की कथील तारांमधनं वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि ऊस भरून ट्रॅक्टर फडातनं हादरत निघाला की ताठपणा संपतो तिथंच वायर मोडते. हादरे झेलायलाच ती मागची जोडी आहे, ती प्लास्टिकवरच बसली पाहिजे.

टूल रॅचेटवालं घ्या, दाब पुरा झाल्याशिवाय ते सुटतच नाही, त्यामुळं पोरानं दाबलं तरी काम सारखंच होतं. जबडे बदलता येणारं मिळालं तर उत्तमच, पण पहिला जबडा उघड्या पिनांचा. लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या थिंबलांचा (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोकांचा) जबडा वेगळा असतो (लाल 0.5 ते 1.5, निळा 1.5 ते 2.5, पिवळा 4 ते 6 चौरस मिमी वायरला), त्यात कपलरची पिन दाबली तर पक्कड बरी म्हणायची वेळ येते. दुकानदार सगळ्याला एकच चालतंय म्हणाला तरी ऐकू नका, आपल्या पिना आणि वायर सोबत न्या, तिथंच एक दाबून हातानं चांगली ओढून बघा, वायर सटकली तर ते टूल ठेवून या. बॅटरीच्या जाड केबलचं थिंबल मात्र यात होणार नाही, त्याला हायड्रॉलिक लागतं.