नाशिकच्या वायनरी, एका दिवसात

प्रश्न : आमच्या भिशीतल्या १४ जणांना छत्रपती संभाजीनगरहून नाशिकच्या वायनरी एका दिवसात पाहायच्या आहेत. टूरवाला चार ठिकाणं दाखवतो म्हणतो. चौघं अजिबात घेत नाहीत. कोणती सहल निवडावी, आणि कधी?

उत्तर : चार ठिकाणांची सहल घेऊच नका. जाऊन-येऊन आठ-साडेआठ तास गाडीतच जातात. सकाळी सहाला निघालात तर अकराला पहिली वायनरी, मग निवांत जेवण, अडीचला दुसरी, साडेचारला परतीला निघा. नाश्ता वैजापूरला उरका; येवल्यात पैठणीच्या दुकानात शिरलात तर तास-दीड तास गेलाच, आणि पहिल्या टूरची वेळ हुकली.

दोन्ही ठिकाणं एकाच बाजूची हवीत. गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत. दिंडोरी आणि इगतपुरी एकाच दिवशी जोडलेली असेल, तर ती सहल सोडा.

जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. तेव्हा द्राक्षांची तोडणी चालते. एरवी स्टीलच्या टाक्या तेवढ्या दिसतात. २६ आणि ३० जानेवारी टाळा, ड्राय डे असतो. बुकिंगआधी वायनरीला फोन करून विचारा, त्या दिवशी क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडणं, चालू असेल का?

न घेणाऱ्या चौघांसाठी तर हाच खरा कार्यक्रम. जालन्याजवळच्या कडवंचीची द्राक्षं खाल्लेल्यांना वाइनच्या द्राक्षाचा मणी हातात घेताच फरक कळतो : लहान, जाड सालीचा, बियांचा. काळा मणी चिमटीत दाबा, रस जवळपास पांढराच निघतो. रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी आधी रस काढून घेतात. मणी मागूनच घ्या, वेलींवर फवारणी झालेली असते. या चौघांसाठी टेस्टिंगविना, म्हणजे वाइन न चाखता, वेगळा दर आहे का, तेही आधीच विचारा.

टेस्टिंगला उपाशीपोटी बसू नका. त्याआधी तंबाखू, पान नको. अत्तरही नको, वासच कळत नाही. प्रत्येक घोट गिळायलाच हवा असं नाही, थुंकायला भांडं मागा. दोन्हीकडे पाच-सहा प्याले पूर्ण रिचवले की परतीच्या वाटेवर उलट्या ठरलेल्या. २१ वर्षांखालच्यांना टेस्टिंग नाही, आणि ड्रायव्हरला एक घोटही नाही.

बाटल्या शेवटच्या ठिकाणीच घ्या. उन्हात उभ्या गाडीत वाइन फुगते, बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. थर्मोकोलचा डबा घरूनच न्या, आणि तो डिकीत न टाकता सीटखाली ठेवा.