मुंबईत व्यावसायिक मराठी नाटकाचा निर्माता व्हायचं असेल तर किती पैसे लागतात आणि त्यावर घर चालतं का?

आयटीत नोकरी आहे, थोडी बचत आहे, कॉलेजात एकांकिका केल्यात आणि आता निर्माता व्हायचंय, तर भांडवल किती आणि घर चालेल का, असं विचारलंयत. घराचं आधी सांगतो. पहिली दोनतीन वर्षं नाही चालणार, नोकरी सोडू नका. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या निर्मात्यांकडे व्यवस्थापन बघितलं, आता दोन नाटकांत भागीदार आहे, आणि आमच्या लाईनीत नुसत्या निर्मितीवर घर चालवणारी माणसं मोजकीच आहेत. बाकीच्यांचं दुसरं काहीतरी चालू असतंच, कोणी स्वतः नट, कोणाची जाहिरात एजन्सी, कोणाची बायको बँकेत.

आता भांडवल. याचं टेन्शन नवीन लोक फार घेतात पण खरं सांगू का, पैसे उभे राहतात. चार मित्र सहनिर्माते होतात, कोणीतरी बिल्डर किंवा सराफ प्रस्तुतकर्ता म्हणून नाव लावायला तयार होतो. पैशाने मिळत नाही ती तारीख. एक थिएटरची तारीख आणि एक नटाची तारीख, आणि या दोन्ही एकाच शनिवारी जुळल्या तरच प्रयोग होतो, नाहीतर तुमच्या खात्यात पन्नास लाख पडून असले तरी तुम्ही घरी बसून दुसऱ्याच्या नाटकाची जाहिरात वाचणार.

थिएटरचं बघा. मुंबईतलं मराठी नाटक म्हणजे दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, मुलुंडचं कालिदास, माटुंग्याचं यशवंत, आणि मग मुंबईची हद्द ओलांडली की ठाण्याचं गडकरी आणि घाणेकर, वाशीचं भावे, डोंबिवलीचं फुले, कल्याणचं अत्रे. संपलं. थोडंफार इकडेतिकडे. यांच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात आणि प्रेक्षक येतो तो शनिवार-रविवारी, म्हणजे सगळी मारामारी आठवड्याच्या दोन दिवसांसाठी. जुन्या संस्थांची चालू नाटकं असतात, त्यांना आधी मिळतात, नव्या माणसाच्या वाट्याला गुरुवार येतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं आणि कोणाचे तरी सत्कार समारंभ. आणि एखादं थिएटर बंद पडलं की सगळ्यांचीच गर्दी उरलेल्यांवर. परळचं दामोदर 2023 च्या शेवटी पुनर्विकासासाठी बंद झालं, गडकरी दुरुस्तीसाठी बंद होतं ते 2025 च्या ऑगस्टमध्ये उघडलं, तोपर्यंत ठाण्याचा सगळा भार घाणेकरवर. निर्माते एकमेकांना तारखा देतात-घेतात, तुझा चार तारखेचा दुपारचा मला दे, माझा अकराचा रात्रीचा तू घे, असं चालतं, पण त्यासाठी तुमच्याकडे द्यायला काहीतरी असायला लागतं ना.

नटाचं याहून कठीण. नाटकात चेहरा लागतो, चेहरा मालिकेतून येतो, आणि मालिकेचं शूटिंग गोरेगावच्या फिल्मसिटीत नाहीतर घोडबंदर रोडला कुठेतरी. त्यांची एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपलेली असली की शनिवारी पण शूट लागतं. रात्री साडेआठचा प्रयोग प्रबोधनकारला, नट सात वाजता घोडबंदरला मेकअपमध्ये, आणि तुम्ही मालिकेच्या प्रॉडक्शनवाल्याला फोनवर विनवण्या करताय की त्याचा सीन आधी काढा हो. हे निर्मात्याचं खरं काम आहे, कोणी सांगत नाही.

म्हणून जुन्या नावांकडे बघा. प्रभाकर पणशीकर, मच्छिंद्र कांबळी, आत्ता प्रशांत दामले, हे सगळे स्वतः नट आणि स्वतःच निर्माते. मुख्य नटाची तारीख स्वतःच्याच खिशात. दामल्यांचा 12,500 वा प्रयोग 6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंदला झाला, तो आकडा ऐकून लोक विनोदाच्या टायमिंगबद्दल बोलतात, मला मात्र आधी एवढ्या तारखा सांभाळल्या कशा हेच सुचतं. नट नसलेलेही मोठे निर्माते झाले, पण तेही रिकाम्या हाताने नाही आले. मोहन वाघ आधी फोटोग्राफर, नेपथ्य स्वतः करायचे. तुमच्या हातात काय आहे ते आधी ठरवा. आयटीवाल्याच्या हातात बुकिंग आणि सोशल मीडिया असू शकतं, ते कमी समजू नका, कारण पूर्वी रविवारच्या पेपरातली ती छोटी चौकोनी जाहिरात हेच सगळं होतं, आता पेपरची जाहिरात द्यावी तर लागतेच पण अर्धा प्रेक्षक बुकमायशो नाहीतर तिकिटालयवरून येतो आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून रीलच्या खाली बुकिंगची लिंक टाकायचं सुचत नाही.

हिशोब. हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत, नाटकागणिक बदलतात. समजा नाटक उभं करायला 20 लाख गेले, म्हणजे नेपथ्य, कपडे, संगीत, तालमीचा हॉल, तालमीचा चहा-नाश्ता (हसू नका, दीड महिना पंधरा माणसं खातात), शुभारंभाच्या जाहिराती. हे एकदाच. मग प्रत्येक प्रयोगाचा खर्च वेगळा, थिएटरचं भाडं, नटांची नाईट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजवाले, लाईट-साउंड, सेटचा टेम्पो, लेखकाची रॉयल्टी, त्या प्रयोगाची जाहिरात. समजा सव्वा लाख. हॉलला 800 खुर्च्या, पुढच्या रांगा 500 ला आणि मागे बाल्कनी 200 ला, तर हाऊसफुल म्हणजे साधारण तीन लाख. पण हाऊसफुल रोज कुठे होतंय, अर्धं घर भरलं तर दीड लाख, खर्च जाऊन हातात 25 हजार. वीस लाख भागिले पंचवीस हजार, म्हणजे 80 प्रयोगांनी मुद्दल निघालं. आठवड्याला दोन प्रयोग मिळाले तर चाळीस आठवडे, म्हणजे नऊ-दहा महिने. शंभराव्या प्रयोगाला हार-तुरे, पाहुणे, फोटो कशासाठी असतात ते आता कळलं असेल, तो निर्मात्याच्या सुटकेचा सोहळा असतो.

आणि तिकीट वाढवा म्हणाल तर तिथे 500 ची भिंत आहे. नाटकाचं तिकीट माणशी 500 पर्यंत असेल तर जीएसटी माफ, त्याच्या वर गेलात की लागतो. म्हणून बहुतेक नाटकांचा वरचा दर तिथेच चिकटलेला दिसतो. टेम्पोचं डिझेल वाढतं, नाईट वाढते, कापड वाढतं, तिकीट मात्र तिथेच. काही मोठ्या नावांची नाटकं पुढे जातात, तुमचं पहिलं नाही जाणार.

शिवाय पास. नातेवाईक, सोसायटीचे सेक्रेटरी, नटाच्या मावशीचे शेजारी. त्याच लोकांना मध्यंतरात शिवाजी मंदिरचा वडा विकत घेऊन खाताना बघितलंय, तिथे पास मागत नाहीत.

उरलेला पैसा येतो कॉन्ट्रॅक्ट शोमधून. म्हणजे एखादं मंडळ, बँक, पतपेढी अख्खा प्रयोग ठरलेल्या रकमेला विकत घेते, तिकीटबारीची रिस्क त्यांची. गुजराती नाटकवाल्यांनी हे आपल्याआधी ओळखलं, त्यांचे बरेच प्रयोग सोशल ग्रुपना विकलेले असतात. आपल्याकडे गणपती, नवरात्र, कोकणातल्या जत्रा, गोवा हे सगळं यात येतं. दौऱ्याला बस, टेम्पो, लॉज, जेवण धरून बोला. आणि टेम्पो दादरहून हलायच्या आधी निदान 75 टक्के रक्कम खात्यात हवी. एका तालुक्याच्या गावात एका मंडळाने प्रयोग संपल्यावर अध्यक्ष घरी गेलेत, सकाळी बघू म्हणून सांगितलं होतं, ती सकाळ अजून यायचीय.

मंदीचे महिने पण धरा. परीक्षांचे दिवस, आयपीएल, जून-जुलैचा पाऊस, ज्या रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असेल तो रविवार. कोविडचं तर सांगायलाच नको, 2020 च्या मार्चला पडदे पडले, मधे थोडे दिवस उघडले, परत बंद, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला उघडले तेही निम्म्या खुर्च्यांवर. त्यात बॅकस्टेजवाल्यांचे फार हाल झाले कारण त्यांना प्रयोगाचेच पैसे मिळतात, प्रयोग नाही तर शून्य. तुम्ही निर्माता झालात तर त्यांचं पाकीट आधी काढायचं, नटांचं नंतर. एवढं एक केलंत तरी बॅकस्टेजला तुमचं नाव चांगलं घेतलं जाईल आणि ते नाव पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडतं.

सगळ्यात अवघड निर्णय वेगळाच असतो, नाटक कधी थांबवायचं. वीस-पंचवीस प्रयोग झाले, घर अर्धंही भरत नाही, दर प्रयोगाला खिशातून जातायत, आणि आतून वाटतंय की नाटक चांगलंय, लोकांना कळायला वेळ लागेल. वस्त्रहरण या मालवणी नाटकाचं उदाहरण सगळे देतात, 1980 ला आलं, आधी चाललं नाही, पु. ल. देशपांड्यांनी बघून पत्र लिहिलं आणि मग जे सुटलं ते हजारो प्रयोग. खरंय. पण ज्या नाटकांना पु. लं.चं पत्र आलं नाही त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, त्यांचे सेट अजून गोडाऊनात भाडं खातायत. मी एकच बघतो, बुकिंग खिडकीवर येणारा माणूस काय विचारतो. 'यात कोण आहे?' विचारत असेल तर अजून चेहऱ्यावरच चाललंय. नुसतं नाटकाचं नाव घेऊन चार तिकिटं मागायला लागला की समजायचं तोंडोतोंडी पसरलं, तेव्हा पैसे ओतायला हरकत नाही. पंधराव्या-विसाव्या प्रयोगापर्यंत हा बदल दिसला नाही तर मी तरी थांबा म्हणेन, भले लेखक रुसला तरी.

सुरुवातीचं विचारलंयत. शनिवार-रविवार मोकळे असतील तर आधी सहा महिने एखाद्या चालू नाटकाच्या व्यवस्थापकाच्या मागे फिरा, फुकट. बुकिंग क्लार्कशी ओळख होऊ दे, प्लॅन (खुर्च्यांचा तक्ता) कसा भरतो, मध्यंतरात हिशोब कसा होतो, टेम्पो किती वाजता लागतो हे बघा. लेखक शोधायला एकांकिका स्पर्धांना जा, 25 जानेवारीच्या रात्री सवाई एकांकिका स्पर्धा असते, रात्रभर बसा, आजचे कितीतरी व्यावसायिक लेखक-दिग्दर्शक आधी अशा स्पर्धांमध्ये दिसले होते. संहिता आवडली की लेखकाशी करार लेखी करा, किती वर्षांचे प्रयोगाचे हक्क, रॉयल्टी किती, सिनेमा आणि ओटीटीचं काय, सगळं. मित्र असला तर जास्तच लेखी करा. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, वेळेवर पाठवा, प्रमाणपत्राशिवाय शुभारंभाची जाहिरात देऊन बसू नका. सरकारी अनुदान आहे, नव्या नाटकांना मिळतं, पण ते प्रयोग झाल्यावर येतं आणि त्याच्या वेळेने येतं, बजेटमध्ये धरू नका, आलं तर पुढच्या नाटकाच्या तालमीला वापरा.

आणि पहिलं स्वतःचं एकट्याचं नाटक काढूच नका. चालू संस्थेबरोबर चार आण्याची भागीदारी घ्या, कारण त्यांच्याकडे तारखा आहेत. तुमचे पैसे, त्यांच्या तारखा, हा सौदा दोघांनाही परवडतो.

तुमच्या डोक्यात आत्ता जी संहिता आहे तिच्यात पात्रं किती, सेट एक की दोन आणि कोणत्या नटाला विचारलंय का एवढं खाली लिहा, मग आकडा काय येईल ते सांगू शकेन. सात पात्रांच्या वर असेल तर आधी लेखकाशी बोला.