"मंडळ सोडू का, मॅडम?"

मी समुपदेशनाचं काम करते. दरवर्षी मला पालकांचे दोन प्रकारचे फोन येतात. पहिला प्रवेशाच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये: "मुलगी पहिल्यांदाच होस्टेलवर चाललीय. तिथे मराठी मुलांचं मंडळ आहे म्हणे, तिला त्यात जायला सांगा. निदान आपली माणसं मिळतील." दुसरा जानेवारीच्या सुमारास, पुष्कळदा त्याच घरातून: "ती त्या मंडळाबाहेर कोणाशी बोलतच नाही हो. देशभरातली मुलं आहेत तिथे, त्यांची ओळख नको का व्हायला?"

दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण मंडळात जावं की जाऊ नये, हा प्रश्न मला आताशा फारसा उपयोगाचा वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

मुलगी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. वडिलांची थोडी काजूची बागायत. घरात बोलणं कोकणी, पण पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते मराठी, सरकारी मराठी शाळेत. आरत्या मराठी, भजनं मराठी, घरी येणारं वर्तमानपत्र मराठी. पाचवीपासून शिक्षण इंग्रजी. गोव्यात हे काही विशेष नाही. इथल्या हजारो घरांत तोंडची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, अशीच वाढ होते आणि त्यात कोणाला अडचण वाटत नाही. अडचण येते ती कोणीतरी "म्हणजे तुमची भाषा नक्की कुठली?" असं विचारलं की.

तिला प्रवेश मिळाला तो गोव्यातच, पण देशभरातून मुलं येतात अशा एका निवासी संस्थेत. अशा ठिकाणी तेलुगू, तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी अशी मुलांची आपापली मंडळं असतात. पहिल्याच आठवड्यात मराठी मंडळाचा स्वागताचा चहा होता. ही गेली. बहुतेक मुलं पुण्या-मुंबईची, काही कोल्हापूर-सांगलीची. कोणीतरी विचारलं, "तू गोव्याची? मग तुला मराठी कसं येतं?" ती काही बोलणार एवढ्यात चहाचा ट्रे पुढे आला आणि तिच्या तोंडून निघालं, "मला चाय नाका."

"कुठला नाका?" एकाने विचारलं आणि सगळे हसले.

कोकणीत नाका म्हणजे नको. विनोद साधा होता, त्यात आकस नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण पुढचे दोन महिने तिला "नाका" हेच नाव पडलं.

मग ती गोव्याच्या मुलांकडे वळली. तिथे मडगाव-पणजीकडची मुलं आपसात इंग्रजी बोलायची, मध्येच दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची कोकणी, जी हिला अर्धीच उमगायची. हिच्या सत्तरीतल्या वाळपईच्या पलीकडे आपण कधी गेलो नाही, असं दोघांनी सहज सांगितलं. ते वाईट वागले नाहीत. फक्त यांच्या गप्पांत हिला शिरायला जागा सापडली नाही. घरापासून जेमतेम दीड तासावर राहणारी ही मुलगी मला पहिल्या भेटीत म्हणाली, "हांव खंयची, तेंच म्हाका कळना." (मी कुठली, तेच मला कळत नाही.) तोवर ती माझ्याशी नेटकं मराठी बोलत होती. मीही मग कोकणीत शिरले.

तिला मंडळात जागा मिळाली ती चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. होस्टेलच्या गणपतीसाठी थर्माकोलची आरास चालली होती. हिने विचारलं, माटोळी नाही बांधणार? कोणालाच माहीत नव्हती. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात. गोव्यात माटोळीशिवाय चवथ होत नाही.) हिने वडिलांना फोन केला. ते भल्या सकाळी कांगलां, घागऱ्यो, तोरिंगां, चिबूड, सुपारीचे घोस घेऊन गेटवर हजर. माटोळी चढली आणि "नाका" नाव गळून पडलं. ही मंडळाची झाली.

इथपर्यंतची गोष्ट कोणीही आनंदाने सांगेल. माझ्याकडे ती आली त्यानंतर चार महिन्यांनी, आणि आल्या आल्या म्हणाली, "मंडळ सोडू का, मॅडम?"

मला वाटलं, नेहमीचंच. वर्गातल्या गटकामात हिच्या वाट्याला सगळे अनोळखी आले, तेव्हा लक्षात आलं की फोनमध्ये मंडळाबाहेरचा एकही नंबर नाही. हे तिने सांगितलंही. मी तिला गेल्या आठवड्याचे तास कागदावर मांडायला लावले. ही माझी जुनी सवय. माणसं मोजू नका, तास मोजा. जेवण, अभ्यास, चकाट्या, नाटकाची तालीम मिळून मंडळाचे तास भरले पस्तीसच्या वर. खोलीतली मुलगी मणिपूरची. तिच्या रकान्यात शून्य. सहा महिन्यांत दोघींमधलं संभाषण म्हणजे "दिवा मालवू?"

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवाभावाच्या मैत्रीला दोनशेहून जास्त. वर्गात शेजारी बसण्याचे तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. आकडे अमेरिकेतले आहेत, ते काट्याने तोलून घेऊ नयेत. पण मुलांना ते सांगितले की एक गोष्ट चटकन कळते: आपल्याला दुसऱ्यांशी जमत नाही असं नसतं, आपल्याकडे त्यांच्यासाठी तासच उरलेले नसतात.

मी तिला सल्ला दिला की मंडळ सोडू नको, तास थोडे हलव, आणि खोलीपासून सुरुवात कर. घरून काहीतरी खायला आण, दोघी मिळून खा. तिने पातोळ्या आणल्या. त्या मुलीने एक खाल्ली, छान आहे म्हणाली, डबा परत केला आणि कानात इअरफोन घातले. खाण्यापिण्याने माणसं जवळ येतात, हा आम्हा समुपदेशकांचा लाडका समज. कधी येतात, कधी डबा परत येतो.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट निघाली.

मंडळातल्या काही मुलांनी या खोलीतल्या मुलीला तिच्या डोळ्यांवरून एक नाव ठेवलं होतं. एकदा सगळे हिच्या खोलीत जमले असताना कोणीतरी तेच नाव घेऊन नक्कल केली. सगळे हसले. ही पण हसली. मागे वळून पाहते तो ती मुलगी टॉवेल घेऊन दारात उभी.

"मला हसू आलं नव्हतं, मॅडम. तरी मी हसले."

का हसलीस, असं मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. काही महिन्यांपूर्वी सगळे "नाका" म्हणून जिच्यावर हसत होते, तिला आता हसणाऱ्यांत जागा मिळाली होती. ती जागा तिला गमवायची नव्हती. मंडळ सोडण्याचा प्रश्न इथून आला होता, फोनमधल्या नंबरांवरून नव्हे.

वीसेक वर्षांपूर्वी मी असल्या वेळी सरळ सांगितलं असतं, अशी संगत सोड. एका मुलाला सांगितलंही होतं. त्याने सोडली, दुसरीकडे कुठे रुजला नाही, आणि वर्ष अर्धवट टाकून घरी गेला. परक्या जागी पहिले दोन-चार महिने आपली भाषा कानावर पडणं ही चैन नसते. ते काढून घेतलं तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं, आणि ते माझ्या टेबलाच्या खणात नसतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९६ साली आलेल्या विद्यार्थ्यांचा जिम सिडानियस, कोलेट व्हॅन लार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षं मागोवा घेतला होता. वांशिक गटांच्या संघटनांत गेल्याने मुलांची आपल्या गटाशी असलेली बांधिलकी वाढली, आणि त्याबरोबर आपल्या गटावर अन्याय होतो ही भावनाही. दुसऱ्या गटातला खोलीसोबती मिळालेल्यांचे पूर्वग्रह मात्र एकंदरीत कमी झाले. आपल्याकडची मंडळं आणि तिथल्या संघटना एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी खोलीसोबत्याबद्दलचं निरीक्षण मला पटतं, कारण माझ्यासमोर बसलेल्या मुलीची सगळी गाठ त्या आठ बाय दहाच्या खोलीतच होती.

मी तिला दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या. ठेवलेलं नाव हा सांस्कृतिक गैरसमज नाही, तो अपमान आहे. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्या भांडणाची सुरुवात त्याच्या केसांची टिंगल करण्यावरून झाली होती. ईशान्येकडच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा विचार करायला केंद्र सरकारने त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली. तेव्हा "गंमत केली गं" हे उत्तर चालणार नाही. त्या मुलीला तक्रार करायची असेल तर तो तिचा हक्क, आणि हिने साक्षीला उभं राहायचं. दुसरी गोष्ट माफीची. माफी मागायची, पण बदल्यात मैत्री मागायची नाही.

तिने माफी मागितली. ती मुलगी म्हणाली, "ठीक आहे. मला त्या शब्दाची सवय आहे." आणि दिवा मालवला. तक्रार तिने केली नाही. पुढचा महिनाभर खोलीत काहीच बदललं नाही.

मंडळातही तिला बोलावं लागलं. सगळ्यांसमोर नाही, तो धीर तिच्यात नव्हता आणि मीही आग्रह धरला नाही. कोल्हापूरच्या मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हणाली, "ते नाव घेतलं की मला 'नाका' आठवतं." मैत्रीण आधी चिडली, "आम्ही तुला किती आपलं मानलं!" मग गप्प बसली. दोन दिवसांनी त्याच मैत्रिणीने नक्कल करणाऱ्याला गप्प केलं. नंतर हिला सांगितलं की पहिल्या वर्षी तिच्या "व्हय की"वरून पुण्याच्या मुलींनी तिलाही छळलं होतं. आपलं मंडळ म्हणतो त्यातही किती निरनिराळी गावं एकमेकांना सांभाळून घेत असतात, हे तोवर हिच्या डोक्यातच आलं नव्हतं. परक्यांशी जमवून घेण्याचं अर्धं शिक्षण तिने मंडळातच घेतलं होतं, मराठीतून.

दरम्यान वडिलांचा फोन आला. नाका प्रकरण त्यांना उशिरा कळलं होतं. शाळकरी वयात त्यांनी भाषेच्या आंदोलनातले मोर्चे पाहिलेले. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापरात जागा मिळाली, त्या वादात घरात दोन तट पडलेले. "आम्ही मराठीसाठी इतकं केलं, आणि हिलाच विचारतात मराठी कसं येतं?" त्यांचा आवाज कातर झाला होता. त्यांना मी एवढंच म्हटलं, की विचारणारा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला कोणी सांगितलेलं नाही. सांगणारी तुमची मुलगीच आहे.

खोलीतली कोंडी फुटली ती स्कूटरवरून. त्या मुलीला गोव्यात बसची वाट पाहून कंटाळा आला होता, स्कूटर शिकायची होती. हिच्या मावशीची स्कूटर जवळच होती. शिकाऊ परवाना काढून रविवारी सकाळी एका मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर सुरू झालं: ब्रेक, ॲक्सिलरेटर, पडणं, गुडघे. त्याच आठवड्यांत कोडिंगचा विषय हिच्या डोक्यावरून जात होता आणि ती मुलगी त्यात हुशार. रविवारी ही शिकवायची, बुधवारी ती. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की निरनिराळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांची पायरी सारखी हवी, काम सामाईक हवं, ते मिळून करावं लागावं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. पातोळ्यांच्या वेळी यातलं काय होतं? एक देणारी, एक घेणारी, आणि मध्ये एक न मिटलेला अपमान. संस्थांतल्या ओळख-परेडच्या संध्याकाळीही बहुधा म्हणूनच फसतात. अनोळखी मुलांना गोल बसवून आवडता पदार्थ विचारण्यापेक्षा एखादी मोडकी सायकल दुरुस्त करायला द्यावी.

पालक विचारतात, आमच्या मुलाचं मंडळ बरं की वाईट, कसं ओळखायचं? मी मुलांनाच विचारते. तुमच्या टेबलावर मराठी न येणारा कोणी येऊन बसला तर किती वेळात भाषा बदलते? पाच मिनिटांत बदलत असेल तर काळजी नको. अर्धा तास तो माणूस ताटाकडे बघत बसत असेल तर विचार करा. आणि कोणाशी बोलायचं नाही हे मंडळ सांगू लागलं, किंवा आत राहायला कोणावर तरी हसावं लागलं, तर मला लगेच फोन करा.

तिचे मंडळाचे तास आता पंधरा-सोळावर आले आहेत. त्याचं मोलही तिने दिलंय. मराठी भाषा दिनाच्या, २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाची एक तालीम चुकवली म्हणून तिची भूमिका गेली. "तू बदललीस" हेही ऐकून झालं. त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन पुष्कळ रडली, आणि मी तिला बरं वाटावं म्हणून काही बोलले नाही.

मागच्या चवथीला तिचा मेसेज आला. माटोळी बांधायचं काम पुन्हा तिच्याकडेच होतं. "रूममेट पण आहे. तिला उंचीची भीती वाटते, म्हणून ती खालून फळं देते आणि माझी गाठ चुकली की ओरडते. कोकणीत. म्हणते, 'अशें नाका!'"