नोकऱ्यांच्या वाढीत पुढे कोण: ठाणे, नवी मुंबई की पुणे?

वाहन उद्योगासाठी पुणेच. पुण्याजवळच्या चाकणची बरोबरी ठाणे-नवी मुंबईत नाही. पण ठाणे आणि नवी मुंबईत निवडायचं तर मी ठाणेकर असूनही नवी मुंबई म्हणेन. वागळे इस्टेटमधले कितीतरी कारखाने बंद पडले. त्या जागी ऑफिसं आली खरी, पण घोडबंदरला राहण्याचे टॉवरच जास्त वाढले. सकाळच्या लोकलची गर्दी बघून आजही जीव तुटतो. तिकडे ऐरोली-महापेचं आयटी, वाशीची एपीएमसी म्हणजे घाऊक बाजार, उरणजवळचं जेएनपीए बंदर आणि २०२५ मध्ये सुरू झालेला विमानतळ, म्हणजे पदवीधरालाही काम आणि गोदामात राबणाऱ्यालाही. त्यासाठी ठाण्यातलं घर सोडू नका. ट्रान्स-हार्बर लोकलने दिघा गाव, की पुढचं स्टेशन ऐरोलीच.