कारखान्यात काम करणार असशील, तर लायसन्सचा कायदा आधी वाच

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

मिशिगनमधलं तुझं वर्तन विश्लेषणाचं शिक्षण संपत आलं आणि ओहायोतल्या एका कारखान्याशी कामाचं बोलणं सुरू आहे, हे वाचून फार बरं वाटलं. सगळे वर्गमित्र ऑटिझमच्या क्लिनिककडे वळत असताना तू ओबीएमची, म्हणजे कामाच्या जागेवरच्या वर्तनाची वाट धरलीस, याचं मला विशेष कौतुक आहे. 'ताई, मला राज्याचं वर्तन विश्लेषकाचं लायसन्स लागेल का?' असं विचारलंयस. 'बहुतेक नाही' एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण त्या 'बहुतेक'मध्येच सगळी गुंतागुंत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे कायदे कशासाठी झाले ते समजून घे. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारी बीएसीबी 1998 साली सुरू झाली, पण ती खासगी संस्था. राज्याचा कायदा वेगळा. 2001 मध्ये इंडियानाने, 2007 मध्ये साउथ कॅरोलायनाने आणि पुढे 2019 पर्यंत पन्नासही राज्यांनी ऑटिझमच्या उपचारांचा, म्हणजे आपल्या लोकांच्या क्लिनिकमधल्या कामाचाही, खर्च विम्यातून मिळावा अशी तरतूद केली. मग प्रश्न आला की पैसे कोणाच्या सहीवर द्यायचे. शिवाय अनेक राज्यांतल्या मानसशास्त्राच्या कायद्यांत वर्तन बदलण्याचं कामही मानसशास्त्रज्ञांच्या अखत्यारीत धरलेलं होतं, त्यामुळे आपल्या लोकांवर विनापरवाना व्यवसायाचा ठपका येण्याची भीती होती. 2009 मध्ये नेवाडा आणि ओक्लाहोमा यांनी वर्तन विश्लेषकांच्या लायसन्सचे अगदी सुरुवातीचे कायदे केले. आज तीसहून अधिक राज्यांत ते आहेत. हे कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक लहान मूल, त्याचे आईबाप आणि विमा कंपनी होती. न्यूयॉर्कच्या 2014 च्या कायद्याने तर सुरुवातीला लायसन्सधारकांचं काम ऑटिझम आणि त्याच्याशी संबंधित विकारांपुरतंच बांधून टाकलं होतं. पाव भाजणारा कामगार, फोर्कलिफ्ट चालवणारी बाई, रात्रपाळीचा सुपरवायझर यांचा त्यात विचारच नव्हता.

पण कायद्यात या कामाची व्याख्या लिहिताना ती उपचारांपुरती न राहता सगळ्या शास्त्राची लिहिली गेली. परिस्थितीत पद्धतशीर बदल करून माणसाच्या वर्तनात सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची सुधारणा घडवणं, असा तिचा साधारण आशय. आता तू कारखान्यात करणार ते याहून वेगळं काय? म्हणून आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी धडपड करून एक सूट मिळवली. बीएसीबी आणि वर्तन विश्लेषकांची व्यावसायिक संघटना एपीबीए यांच्या कायद्याच्या नमुना मसुद्यांत ती आहे आणि तिथून ती बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत गेली. संस्थेच्या फायद्यासाठी संस्थेला सेवा देणाऱ्याला लायसन्स नको, मात्र त्यात व्यक्तींना थेट सेवा असता कामा नये. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लोक घाईत वाचतात. तू तसं करू नकोस.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. शॉप फ्लोअरवर आठवडाभर निरीक्षण होतं, सुरक्षिततेची यादी बनते, आलेख लागतो, आकडे सुधारतात. प्लांट मॅनेजर खूश होतो आणि एक दिवस केबिनचं दार लावून म्हणतो, 'पॅकिंगमधल्या त्या दोघांचं काहीतरी करा ना. एक रोज उशिरा येतो, दुसरा बारीकसारीक गोष्टींवरून भडकतो. त्यांच्याबरोबर बसा, प्लॅन बनवा.' माणूस वाईट नसतो, त्याला खरंच मदत हवी असते. पण तू त्या भडकणाऱ्या माणसासमोर वही घेऊन बसल्याक्षणी तुझा ग्राहक बदलतो. आता काम एका व्यक्तीच्या वर्तनावर, कदाचित तिच्या मानसिक आरोग्यावर चाललंय. सूट देणारं कलम तिथे संपतं. त्याला सांग की कामाची रचना, पाळीची वेळ, सुपरवायझर काय बोलतो आणि कधी बोलतो हे मी तपासेन. त्या माणसाला समुपदेशन हवं असेल तर ते कंपनीच्या वेगळ्या योजनेतून, लायसन्स असलेल्याकडून होऊ दे. वरिष्ठ अधिकाऱ्यांचं एकास एक कोचिंगही याच उंबरठ्यावर आहे. ते मागितलं गेलं तर आधी त्या राज्यातल्या वकिलाला विचार.

दुसरा धोका ऑटिझमच्या संस्थांचा. त्यांना ओबीएमवाल्यांची फार गरज असते. कर्मचारी टिकत नाहीत, नोंदी अर्धवट राहतात, प्रशिक्षण विस्कळीत असतं. काम चांगलं आहे, जरूर कर. पण नोंदी वेळेवर भरल्या जाव्यात म्हणून व्यवस्था लावणं वेगळं आणि एखाद्या मुलाच्या उपचाराची पद्धत त्याच्याबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञाला शिकवून ती बरोबर होतेय का पाहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मूल खोलीत असो वा नसो, तू त्याच्या उपचारात हात घातलेला असतो. तिथे लायसन्स असल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, मग संस्थाचालक कितीही म्हणोत की 'तुम्ही तर फक्त स्टाफबरोबर काम करताय'.

राज्य बदललं की सगळं बदलतं हेही लक्षात ठेव. ओहायोत हे लायसन्स (तिथे त्याला राज्याचं प्रमाणपत्र म्हणतात) मानसशास्त्र मंडळाकडे आहे, टेक्सासमध्ये टीडीएलआर या परवाना खात्याकडे, न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खात्याकडे. तू मिशिगनमध्ये बसून ओहायोच्या प्लांटचे आकडे तपासणार असशील, तर दोन्ही कायदे वाचायचे. ओहायोच्या कायद्याचं 4783 क्रमांकाचं प्रकरण काढ आणि सवलतींचा भाग शब्द न् शब्द वाच. पदनामाचंही बघ. अनेक राज्यांत 'बिहेवियर ॲनालिस्ट' हे नाव लायसन्स नसलेल्याला लावता येत नाही, काम त्या सवलतीत बसत असलं तरी. म्हणून आपल्यातले बरेच जण कार्डावर परफॉर्मन्स कन्सल्टंट असं लिहितात. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

आता मला ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायचं होतं ते. कायद्याने तुला सूट दिली, पण त्याच सवलतीमुळे कारखान्यातला कामगार या कायद्याच्या छत्राबाहेर राहिला. क्लिनिकमधल्या मुलाच्या आईला मंडळाकडे तक्रार करता येते, संमती मागितली जाते, कागदावर तिची सही असते. ज्याच्या हातमोज्यांची, पाठ वाकवण्याची, मशीन बंद करून हात घालण्याची तुझ्या वहीत दिवसातून अनेकदा नोंद होते, त्या कामगाराला यातलं काहीच नसतं. पैसे देणारी कंपनी, मोजला जाणारा तो. त्याची काळजी कोण घेणार? माझ्या मते ती तुझ्यावर येते, आणि ती पूर्णपणे येते.

ज्युडी कोमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1978 चा बेकरी कारखान्यातला अभ्यास तू वाचलाच असशील. तो पुन्हा वाच, या नजरेने. सुरक्षित वागणं म्हणजे नेमकं काय हे आधी कामगारांना चित्रं दाखवून स्पष्ट केलं. 90 टक्के हे लक्ष्य त्यांच्यासमोर ठेवलं. आलेख विभागात सगळ्यांना दिसेल असा लावला आणि त्यावर विभागाचा आकडा होता, कोणा एकाचा नाही. पॅकिंगच्या विभागात सुरक्षित वर्तन सुमारे 70 टक्क्यांवरून 96 वर गेलं, दुसऱ्या विभागात 78 वरून 99 वर. फीडबॅक थांबवला तेव्हा दोन्हीकडे ते पुन्हा सत्तरच्या आसपास घसरलं. अशा आलेखामुळे कोणा एकाची नोकरी धोक्यात येत नाही, कारण आकड्यांवर कोणाचं नावच नसतं. सूट देणाऱ्या कलमाला जे हवं आहे आणि कामगाराला जे हवं आहे, ते इथे एकच ठरतं. म्हणून करारात लिहून घे की निरीक्षणाचे आकडे गटाचे असतील, नावनिशीवार नोंदी एचआरला दिल्या जाणार नाहीत आणि त्या शिस्तभंगाच्या कारवाईत वापरल्या जाणार नाहीत. पहिल्या दिवशी कामगारांना एकत्र बोलावून, युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीसमोर, सांग की काय मोजणार, कशासाठी आणि कोण पाहणार. कंपनी या अटींना तयार नसेल तर ते काम सोडून दे. हे मी सहज लिहीत नाहीये. पहिलीच असाइनमेंट सोडणं किती जड जातं याची मला कल्पना आहे.

बीसीबीए, म्हणजे बीएसीबीचं वर्तन विश्लेषकाचं प्रमाणपत्र, करावं का, असंही विचारलंयस. कर. कारखान्यात ते कोणी मागणार नाही, पण त्यासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या 2,000 तासांत ओबीएमचं कामही धरता येतं आणि बहुतेक राज्यांत लायसन्सचा रस्ता या प्रमाणपत्रावरूनच जातो. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. 2022 पासून लागू असलेली बीएसीबीची आचारसंहिता प्रमाणपत्रधारकाच्या सल्लागारीलाही लागू होते. राज्याने मोकळं सोडलं तरी तिथे तुला जाब विचारणारं कोणीतरी राहतं. आपल्या कामाला ते हवंच.

पुढे कधी पुण्याला परतायचा विचार आहे असं लिहिलंयस, म्हणून एवढंच. बीएसीबी 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही, तेव्हा परीक्षा तिथे असतानाच उरकून घे. आणि आपल्याकडच्या 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाच्या कायद्यावर लक्ष ठेव. त्याच्या अनुसूचीत वर्तणूक आरोग्याच्या गटात 'बिहेवियरल ॲनालिस्ट' आहे. म्हणजे तो कायदाही आरोग्यसेवेच्या अंगानेच आपल्याकडे पाहतोय. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्यासाठी तिथेही अशी सूट स्पष्ट शब्दांत हवी, आणि तिच्याबरोबर कामगाराचं संरक्षणही. नियम घडत असतानाच हे मांडलं पाहिजे. तुझ्या पिढीने ते मांडावं असं मला मनापासून वाटतं.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. कामाची व्याप्ती आणि आकड्यांची मालकी, ही दोन कलमं आपण फोनवर एकत्र वाचू. ओहायोच्या वकिलाशी बोलण्याची वेळही आधीच घेऊन ठेव.

सस्नेह,
तुझी ताई