सांताक्लॉजचा मुलगा वारस व्हायला तयार नाही, अशी विनोदी एकांकिका मराठवाड्यात कशी बसवता येईल?

प्रश्न वाचला आणि आधी खोकलाच आला. कापसाचा.

कॉलेजच्या गॅदरिंगला एकांकिका करायचीय, नाताळबाबाचा पोरगा गादीवर बसायला नाही म्हणतो, आणि हे आपल्याकडच्या प्रेक्षकांना पटेल का, असं तुम्ही विचारलंय. न पटायला काय झालं? मी जालन्यात तेच करून बसलोय.

जालन्यात नाताळ कुठून आला, असं विचारणारे भेटतात म्हणून सांगतो. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. म्हणजे आमच्याकडच्या करंज्या-चकल्या आणि पेटी-तबल्यावरची नाताळची भजनं काही मॉलमधून आलेली नाहीत. नाताळबाबा मात्र मागाहून आला, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत तो आमच्या घरातून आला.

बाबा जिनिंगमध्ये फिटर. संडे स्कूलचा नाताळबाबा बावीस वर्षं तेच. लाल कोट आईने हॉलच्या जुन्या पडद्यातून शिवलेला, आतून बघितलं तर रिंगांची भोकं अजून दिसतात. कमरेला यंत्राचा टाकून दिलेला पट्टा. दाढी म्हणजे मलमलच्या पट्टीवर गव्हाच्या खळीने चिकटवलेली रुई. तिच्यात एखादी सरकी राहायचीच, आणि बोलताना नेमकी ओठाला टोचायची. पोटाला थोरल्या भावाच्या पाळण्यातली गादी बांधायची. 'जालना, सोने का पालना' म्हणतात. आमच्या वाट्याला पाळण्यातली गादी आली, वारसाहक्क म्हणाल तर एवढाच.

आता रीतीप्रमाणे गादी कोणाची? थोरल्याची. त्याच्याच पाळण्यातली. पण तो बारावीनंतर पुण्याला गेला आणि तेव्हापासून त्याची गाडी दर २४ डिसेंबरला लेट व्हायला लागली. कार्यक्रम संपला, करंज्या ताटात पडल्या, की हा दारात हजर.

२००६ साली डॉक्टरांनी बाबांना कापसापासून लांब राहायला सांगितलं. दमा. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि हॉलच्या समोरच आमच्या कॉलेजच्या पोरांचा चहाचा अड्डा. तीन दिवस नाही म्हणालो. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी ती दाढी माझ्या खाटेसमोरच्या दोरीवर वाळत घालायचे. डोळे उघडले की समोर बिनतोंडाची दाढी हलतेय. चौथ्या दिवशी कोट घातला.

२४ तारखेला रविवार होता. बाहेर हुरड्याची थंडी, आत मला घामाच्या धारा. खळ सुटायला लागली. बोललो तर दाढी तोंडात जाणार, म्हणून ठरवलं की टीव्हीवरच्या सांतासारखं नुसतं 'हो हो हो' करायचं आणि गोळ्या वाटून पळायचं.

पहिली आली ती गल्लीतली सहा वर्षांची पोरगी.

"नाताळबाबा, मला सायकल पाह्यजे."

"हो! हो! हो!"

तिचे डोळे एवढे झाले. "गुलाबी?"

"हो! हो! हो!"

"अन् घंटीवाली?"

काय सांगू. मागच्या पोरानं बकरी मागितली, हो हो हो. त्याच्या मागच्यानं दोन मागितल्या. शेवटी मागच्या रांगेतून एक काकू ओरडल्या, "अन् नळाला पाणी कधी येईन, तेबी सांगा!" तोपर्यंत जिभेला तेच वळण लागलं होतं. हॉल हसून लोळला. बाबा खांबाआड मफलरमध्ये तोंड घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आमच्या दारात रांग. ती पोरगी येताना सायकलची साखळी आणि कुलूप घेऊनच आली होती.

बाबा म्हणाले, "मी बावीस वर्षं 'हं हं हं' काऊन करत होतो? घसा बसला होता म्हणून? अन् कोणी फारच मागं लागलं तर 'बघू' म्हणायचं."

बकरीवाल्यांना बाबांनी मोसंब्या देऊन मिटवलं. सायकल मी पंक्चरवाल्याकडून जुनी घेतली, ४०० रुपयांना, आणि स्वतः गुलाबी ऑइलपेंट मारला. थंडीत तो वाळला नाही. तिचा नाताळचा नवा फ्रॉक मागून गुलाबी झाला, त्याचे बोल वेगळे खाल्ले.

तर एकांकिकेचं. रेनडिअरच्या नादी लागू नका. ते आठ रेनडिअर १८२३ च्या एका इंग्रजी कवितेतून लोकांच्या डोक्यात बसले, स्टेजवर ते नुसते अडचण करतात. धुराडंही नको, माळवदाचा झरोका चालेल. मुळातला संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप. तीन बहिणींच्या हुंड्यासाठी त्यानं रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी कथा आहे, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला लागणार नाही. त्याला मूलबाळ असल्याचं त्या कथांत नाही. वारस नसला की काय होतं बघा, १०८७ मध्ये इटलीतल्या बारीचे खलाशी त्याच्या अस्थीच उचलून घेऊन गेले.

पण तुमच्या संहितेत थोरला भाऊ आहे का? नसेल तर घाला. पुण्यात राहणारा. दर डिसेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर 'सांता कोकाकोलाने काढलाय, तुम्ही कशाला मिरवता' असं पाठवणारा. त्याला उत्तर द्यायला एक पात्र ठेवा: थॉमस नास्ट हा व्यंगचित्रकार १८६३ पासून हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकात सांता काढत होता, कोकच्या जाहिरातीतला गुबगुबीत सांता १९३१ चा. अडुसष्ट वर्षं आधी. आणि समजा कोकने काढला असता, तरी पडद्याचा कोट घालून घामाघूम कोण होतं?

हाच थोरला नातेवाइकांत सांगतो की धाकट्याला हौसच होती. हौस! तेवढं नाटकात येऊ देऊ नका. शेवटच्या प्रवेशात पोरगा आनंदाने टोपी घालतो असं दाखवाल तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन. दुसरं कोणी नसतं म्हणून माणूस घालतो.

मी नाटकवाला नाही, हे आधी सांगायला हवं होतं. कॅथलिक मंडळींकडच्या रीतीही थोड्या वेगळ्या आहेत, त्यांना विचारून घ्या. आणि कलाकाराला दमा असेल तर दाढी नायलॉनची घ्या, बाजारात मिळते. मी घेत नाही, तो भाग वेगळा.

यंदा थोरला २३ तारखेलाच येतोय. तिकीट मी काढून पाठवलंय. त्याची खाट दोरीसमोर लावलीय आणि दाढी आजच धुतली.