मुलगी सीनियर केजीत आहे, इंग्रजीचे साईट वर्ड्स (बघताक्षणी ओळखायचे नेहमीचे शब्द) पाठच होत नाहीत, काय करावं?

आधी ती रोज दहा शब्दांची घोकंपट्टी बंद करा, डॉल्च नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने केलेल्या साईट वर्ड्सच्या यादीत २२० शब्द आहेत, ते काय एका दमात होतात का, आठवड्याला चार-पाच पुरे. आमच्या जळगावच्या घरी पोरगा आजीशी अहिराणीच बोलतो, इंग्रजी कानावर पडतच नाही, म्हणून नुसती कार्डं दाखवून काही होईना, मग 'धिस इज माय केळं' असं लिहून फ्रीजवर चिकटवलं तर हसत हसत वाचायला लागला. 'सेड' (said) मध्ये एस आणि डी आवाजाप्रमाणेच आहेत, मधले ए-आय तेवढे दगाबाज, तेच लाल स्केचपेनने रंगवा. आणि 'वॉज' (was) अन् 'सॉ' (saw) एकाच दिवशी घेऊ नका हं, अक्षरं तीच, फक्त उलटी, पोरं हमखास गोंधळतात.